दोघांचा एक कोयता

आप्पा, काल जेवताना ह्यांनी तो विषय पुन्हा काढला आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य बाहेर पडलं. तुमचंच, जसंच्या तसं. "माझ्याकडे दुसरं काय आहे?" मी म्हणाले आणि घास हातात तसाच राहिला. ह्यांना त्यात काही वेगळं जाणवलं नाही, त्यांनी ते तुमच्या तोंडून कधी ऐकलेलंच नव्हतं. ते उठले, नेहमीप्रमाणे आपलं ताट आपण विसळून ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत जाता जाता म्हणाले, "तुझ्या किचनमधला नळ गळतोय. कुणाला तरी बोलवून घे." अहो, तुझ्या काय, आपल्या म्हणा, एवढं बोलायला काय जात होतं माझं? आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे. सकाळपासून कामात मन नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला लिहून काय उपयोग ते मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर आधी सगळं समजावून सांगावं लागेल, आणि तुम्हाला निदान निम्मं तरी आधीच माहीत आहे.

केडगावचा हा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. वास्तुशांतीला तुम्ही आला होतात. तो घेतला तेव्हा ह्यांची सुप्याची कंपनी बंद पडलेली, हे घरी बसलेले, आणि एसटीची पगाराची पावती माझ्या नावाची. बँकेत ओळखीचा एक माणूस होता, तो म्हणाला, आत्ता तुमच्या एकट्यांच्याच नावावर होऊ द्या, कशाला कागद वाढवता, साहेबांचं नाव नंतर लावता येईल. आम्ही दोघांनी मान डोलावली. तेव्हा लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, पोरगी लहान होती, तुझं-माझं असं काही घरात नव्हतंच. ते नंतर म्हणजे कधी, हे कुणी विचारलं नाही. यंदा कर्ज फिटलं, बँकेनं घराचे कागद परत दिले, आणि ह्यांनी ती पिशवी हातात घेऊन सहज म्हणावं तसं म्हटलं, "आता लावूया का माझं नाव?" मी म्हटलं, लावू की. आणि मग चहा ठेवायला उठले.

हा माणूस हावरा नाही आप्पा, तुम्हीच तर पसंत केला होता. घरी बसले होते ती दोन-तीन वर्षं मला कंडक्टर म्हणून मुक्कामी गाड्या असायच्या. रात्री तिकडेच कुठल्या तरी गावात झोपायचं आणि सकाळची पहिली गाडी घेऊन यायचं. त्या काळात पोरीच्या वेण्या हे घालायचे. पहिल्या पहिल्यांदा एक वेणी कानावर आणि एक मानेवर, पोरगी रडायची, शाळेतल्या बाई हसायच्या. मग शेजारणीकडून शिकून घेतलं त्यांनी. भाकरी मात्र शेवटपर्यंत जमली नाही, कडा फाटायच्याच. माझा डबा, पोरीचा डबा, पाण्याच्या वेळा, दळण, लाईट बिल, सगळं त्यांच्याकडे. मी खुशाल गाडीवर उभी राहून घंटी मारत होते ती घराकडे बघणारं कुणी होतं म्हणून. पुढे सुप्यालाच दुसऱ्या कंपनीत ठेकेदाराकडे काम लागलं, आजही तिथेच आहेत, पगार माझ्याहून कमी. घरखर्च त्यांच्या पगारातून आणि हप्ता माझ्या पगारातून, असं चालत आलं. खर्च खाऊन संपतो आणि हप्त्याचं घर होतं, एवढाच काय तो आमच्या दोघांतला फरक.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीची मीटिंग होती, गच्ची गळत होती त्यासाठी. मी ड्यूटीवर, म्हणून हे गेले. बोलायला लागले तर सेक्रेटरी म्हणाला, "तुम्ही बसा हो, चहा घ्या. पण मत मॅडमचं लागेल, सभासद त्या आहेत." कुणीतरी मागून हळूच घरजावई म्हणालं, आणि हसले सगळे. मला हे चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या बाईकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "खरंच आहे की. मला हिस्सा नको गं, विकायचंय का आपल्याला? नुसतं नाव असावं वाटतं." तेव्हापासून ते मला गमतीत मालकीणबाई म्हणायला लागले. मालकीणबाई, गॅस संपला. मालकीणबाई, किल्ली घेऊन जा. ऐकणाऱ्याला वाटावं, काय लाडाचं बोलतो नवरा. पण मला माहीत आहे त्या शब्दाला आतून किती धार असते, कारण तो मी वर्षानुवर्षं वापरलाय. तुमच्यावर.

आपल्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, हे इथल्या शहरातल्या लोकांना मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत मान नाही. दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडी, पीठ, शेरडं आणि आम्ही पोरं, असं सगळं लादून पश्चिमेकडे साखर कारखान्याला ऊस तोडायला निघायचं. मुकादमाची आगाऊ उचल तुमच्या हातात, अंगठा तुमचा, आणि तोडीला आई तुमच्यासोबत. पाचटाच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत, मी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली आहे, आणि समोरच्या फडात तुम्ही सपासप तोडत पुढे चाललाय, तुमच्या मागे आई वाकून गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेते, आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत वर जाते. फळी लवते. मी दर वेळी डोळे मिटून घेते. तुम्ही एकदा मागे वळून बघता, ती वर पोचली की पुन्हा कोयता चालवायला लागता. कुणी विचारलं, तुमची किती माणसं, तर तुम्ही म्हणायचात, "आमचा एक कोयता." त्यात आई धरलेली असायची, तिचं वेगळं सांगायची गरज तुम्हाला कधी वाटली नाही आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटली नाही.

त्या कोयत्यावर तुम्ही तलावाच्या वरच्या अंगाची जमीन घेतलीत. मुरमाड, पण आपली. खरेदीखताच्या दिवशी आई घरीच होती, पाव्हण्यांसाठी पुरण शिजवत. तुम्ही पाथर्डीहून आलात ते पेढे घेऊन, आणि पहिला पेढा तिच्या हातावर ठेवलात. ती म्हणाली, "झालं का आपल्या नावावर?" तुम्ही म्हणालात, "झालं की." त्या 'आपल्या'त तुम्ही दोघंही खूश होतात. कागदावर नाव एकच चढलं होतं.

मग मी बारावीला गेले आणि शहाणी झाले. कॉलेजातल्या एका मॅडमनी सांगितलं की आता नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं, अर्ज दिला की तलाठी लावून देतो. मी ते डोक्यात घेऊनच घरी आले. ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. आई चुलीपुढे हुलग्याची शेंगोळी वळतेय, तुम्ही भिंतीला टेकून जेवायला बसलाय. मी म्हटलं, आप्पा, आईचं नाव लावून टाका जमिनीला, अर्ज मी लिहून देते. तुम्ही म्हणालात, "बघू."

"बघू काय? मोळ्या तिनं वाहिल्या, निम्मी जमीन तिची आहे."

"मंग न्हाई कोन म्हनतंय?"

"कागद म्हणतोय."

तुम्ही हात थांबवलात. चिडला नव्हतात, विचार करत होतात, पण विचार करणारा माणूस ओळखायचं माझं वय नव्हतं. म्हणालात, "पोरी, घर तिच्या हातात हाय. तुमी पोरं तिची हाईत, काय पायजे आसंल तर तिच्याम्होरं बोलता. गाय सुदीक तिच्याच हाकंला वळती. माझ्याकडं दुसरं काय हाय? त्या कागदावर नाव हाय, तेवढंच."

मी काय बोलले ते इथे लिहायची माझी इच्छा नाही, पण लिहिते, कारण तुम्ही ते ऐकलंयच. मी म्हटलं, "मग जपा तेवढंच. आणि तिला जुंपा बैलासारखं." आईनं पिठाच्या हातानं माझ्या पाठीत एक धपका घातला. "बापाला आसं बोलत्यात व्हय गं? ताटावरनं उठीवलंस त्यांना!" तुम्ही खरंच उठला होतात. शेंगोळी तशीच ताटात. बाहेर जाऊन गोठ्याशी उभे राहिलात. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

तुम्ही पुढे त्यावर एक शब्द बोलला नाहीत, आणि आईचं नावही लागलं नाही. मी काय समजायचं ते समजले. तेव्हापासून मी तुम्हाला मालक म्हणायला लागले. या मालक, जेवायला या. मालक, चपला बाहेर काढा. पाव्हणेरावळे हसायचे, पोरगी काय लाडात आहे बापाच्या, म्हणायचे. तुम्हीही हसायचात, पण आधी एक क्षण थांबून. तो क्षण मला दिसायचा आणि मला त्यातच समाधान वाटायचं. किती कोत्या मनाची होते मी! एसटीत लागले तेव्हा पाथर्डीच्या गाडीवर माझी पहिली ड्यूटी बघायला तुम्ही मुद्दाम नगरला आलात, नवं धोतर नेसून, अगदी पुढच्या सीटवर बसलात. मी म्हटलं, मालकांना तिकीट कशाला. तुम्ही पैसे पुढे धरलेत, म्हणालात, "फाड की तिकीट. पोरीच्या गाडीत फुकट बसनार न्हाई मी." सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं. पाथर्डी येईस्तोवर ते तिकीट तुम्ही हातात धरून बसला होतात, खिशात नाही टाकलंत.

आणि वास्तुशांतीचा दिवस. दारावर पितळी पाटी लावली होती, माझं नाव, खाली काही नाही. तुम्ही चपला काढता काढता थांबलात आणि जेमतेम येणारं एकेक अक्षर लावत ती वाचलीत. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलंत, "जावयाचं नाव?" मी म्हटलं, लावू नंतर. तुम्ही म्हणालात, "नंतर न्हाई लागत, पोरी." त्यावर मी फाडकन म्हणाले, "हे तुम्ही सांगताय, मालक?" आत होम चालू होता, धूर भरला होता, पाव्हण्यांची गडबड. तुम्ही डोळे पुसलेत ते धुरानं असंच मी धरून चालले. आता त्या दिवसाकडे परत बघते तेव्हा मला तिथल्या तिथे पाटी काढून तुमच्या हातात द्यावीशी वाटते. म्हणावंसं वाटतं, थांबा आप्पा, बसा, काय म्हणताय ते नीट सांगा. पण मला ब्राह्मणाची दक्षिणा काढायची होती, आणि शिवाय जिंकायचंही होतं.

तुम्ही त्यानंतर फार राहिला नाहीत. दहावं-तेरावं झालं, आणि वारसनोंद करायला भाऊ, आई आणि मी तलाठी कार्यालयात गेलो. काही आठवड्यांनी नवा सातबारा हातात आला. त्यात आईचं नाव होतं, भावाचं होतं, माझंही होतं. आणि वरती तुमचं नाव कंसात. गेलेल्या मालकाचं नाव असं कंसात टाकतात, म्हणजे होता पण आता नाही. आईला वाचता येत नाही, मी बोटानं दाखवलं, हे बघ तुझं नाव. ती म्हणाली, "आन त्यांचं?" मी कंसावर बोट ठेवलं. तिनं कागद घडी करून मला परत दिला. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मला काय करायचंय." एवढी वर्षं जे व्हावं म्हणून मी तुम्हाला टोचत राहिले, ते झालं ते तुम्ही गेल्यामुळे. एका कोयत्यात आयुष्य काढलेली तुम्ही दोघं, पण त्या कागदावर एका वेळी दोघांची नावं कधीच नांदली नाहीत.

इतपत होतं तोवर मी सोसत होते. मनातल्या मनात तुम्हालाच दोष देत होते, लावलं असतं तर काय बिघडलं असतं. मग मागच्या आठवड्यात आपल्या गावचा जुना कोतवाल माझ्या गाडीत चढला. पंच्याहत्तरी कधीच उलटलीय त्याची, त्या वयाला गाडी फुकट, त्यामुळे उगीच पाथर्डी-नगर करत असतो. आयुष्यभर भाऊसाहेबांच्या, म्हणजे तलाठ्याच्या, हाताखाली दप्तरं वाहिली त्यानं. मला ओळखलं, बाजूला बसवून घेतलं आणि तुमच्या आठवणी काढायला लागला. बोलता बोलता म्हणाला, "तुझ्या बापावानी येडा मानूस न्हाई बघितला. बायकूचं नाव लावाया आल्ता, आन बायकूलाच आनली न्हाई."

मी म्हटलं, कधी? कुठे?

"चावडीत. तू बारावीला हुतीस न्हवं का तवा? म्हनला, पोरगी लई बोलली. डोक्याला पटका बांधून आल्ता. म्हनला, भाऊसाहेब, कारभारनीचं नाव लावायचंय. भाऊसाहेब म्हनले, बाई कुठंय? तर म्हनतो कसा, मी आलोय न्हवं! आमचा एकच कोयता हाय. भाऊसाहेब म्हनले, आरं, हितं कोयता न्हाई चालत, हितं मानूस लागतं. तिला आन, तिचा आंगठा लागंल, रेशनकार्ड आन. तर ह्यो आडून बसला. म्हनला, मुकादम तर माझ्या एका आंगठ्यावर दोघांला नेतो, तुमाला का चालत न्हाई?" कोतवाल हसायला लागला. "मंग कुनीतरी म्हनलं, का रं, बायकूनं धाडलंय का तुला? समदी चावडी हसली. मी बी हसलो, खोटं कशाला बोलू. उठला आन गेला. म्या म्हनलं, येईल उद्या बाईला घेऊन. पुन्यांदा काय आला न्हाई."

गाडीत माणसं चढत होती. मी तिकीटं फाडत होते की नव्हते, मला आठवत नाही. ड्रायव्हरनं दोनदा मागे वळून विचारलं, घंटी देता का बाई. तुम्ही गेला होतात आप्पा. मी बोलले त्यामुळेच गेला होतात, पटका बांधून, लग्नाला जावं तसं. आणि चूक कसली तर अशी, जी ऊसतोडीतला माणूसच करू जाणे, की मी आलो म्हणजे ती आलीच. चावडी हसली आणि तुम्ही घरी येऊन गप्प बसलात, आणि त्या दिवसापासून तुमची स्वतःची मुलगी तुम्हाला मालक म्हणत राहिली. एकदा सांगायचं होतंत. नुसतं, पोरी, मी जाऊन आलो, एवढं. मी तुमची माफी मागितली असती. की नसती मागितली? मी म्हणाले असते, मग आईला घेऊन परत जा की. हो, मी तेच म्हणाले असते. तुम्ही मला ओळखून होतात.

परवा आईकडे गेले तेव्हा तिला सांगितलं. वाटलं, रडेल. ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली. म्हणाली, "गेले आसतील. मला कशाला सांगत्यात." टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "नुसतं चल म्हनले आसते तर आले आसते की मी. घरातच तर हुते." मला वाटतं आप्पा, तिला जमीन नको होती, तुमच्याबरोबर चावडीपर्यंत चालत जायचं होतं. निदान मी तिच्या जागी असते तर मला तेच हवं वाटलं असतं. पण मी तिच्या जागी नाही. तिच्या जागी आमच्या घरात हे आहेत.

आता राहिलेलं एक सांगते. ते सांगायलाच बहुतेक सकाळपासून बसलेय. महिन्यापूर्वी, म्हणजे कोतवाल भेटायच्या आधी, मी नगरला एका वकिलाकडे जाऊन आले होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, खाकी ड्रेसवरच. म्हटलं, निम्मं घर नवऱ्याच्या नावावर करायचंय. ते म्हणाले, होतं की, बक्षीसपत्र करायचं, नवरा-बायकोत खर्चही फार नसतो. मग चष्म्यावरून माझ्या मागे दाराकडे बघितलं. "साहेब कुठायत?" मी म्हटलं, मी आलेय ना. ते म्हणाले, "ताई, देणारा आला तरी घेणारा लागतोच. फोटो दोघांचे, अंगठे दोघांचे. त्यांना घेऊन या." मला राग आला. मला ते तयार करून, सही-शिक्क्यासकट ह्यांच्या पुढ्यात ठेवायचं होतं. हे घ्या, म्हणायचं होतं. त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांना बोलवून, सोबत नेऊन, रांगेत शेजारी बसवून करायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. मी तशीच परत आले आणि घरी काही बोलले नाही. त्यानंतर ह्यांनी जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा मला वाटत राहिलं, मी आपणहून देणार होते, आता मागितल्यावर कशी देऊ? आणि काल ते तुमचं वाक्य तोंडातून गेलं. तुमच्यावर चावडी हसली म्हणून तुम्ही परतलात, माझ्यावर तर कुणी हसलंही नव्हतं. एका वकिलानं फक्त विचारलं, साहेब कुठायत.

ह्यांची आज पहिली शिफ्ट होती, हे दुपारीच आले. कुणाला बोलवायचं राहिलंच होतं माझ्याकडून. त्यांनी कपडे बदलले, पाना घेतला आणि सिंकखाली वाकून स्वतःच नळ उघडून बसले. मी इथे टेबलाशी लिहितेय, त्यांचे पाय दिसतायत मला. मधे एकदा त्यांनी विचारलं, "काय लिहितेयस एवढं?" मी म्हटलं, काही नाही, ड्यूटीचं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, पण त्यांना तरी दाखवायला हवं, तेही होणार नाही. त्यापेक्षा सोपं आहे ते करायचं. उठायचं, आणि "उद्या अर्धा दिवस रजा टाका, माझ्याबरोबर चला" असं म्हणायचं. एवढंच. त्यांचं काम उरकलं की म्हणेन, असं मघापासून घोकत लिहितेय. नळ केव्हाच थांबलाय, आप्पा. ते हात पुसत तिथेच उभे आहेत, आणि मी अजून लिहितेच आहे.